ओल्या मातीतली तहान

कुंडी बदलल्यावर दोन-तीन दिवसांत रोपाने मान टाकली की घरात प्रत्येकाला एकच उपाय सुचतो: पाणी घाला. शेजारच्या काकू सांगतात, कामाला येणाऱ्या मावशी तर न विचारता तांब्याभर ओततातही. त्यामागची माया खरी असते आणि झाड तहानलेलं असतं, हेही खरंच. पण बोट घालून पाहावं तर माती ओलीच. ओल्या मातीत उभं असूनही झाडाला तहान का लागते हे एकदा कळलं, की पुढची शुश्रूषा सुचत जाते.

आपल्याला दिसणारी जाड, तपकिरी मुळं पाणी फारसं शोषत नाहीत. ते काम कोवळ्या टोकांजवळचे मूलरोम करतात. एकेका पेशीतून फुटलेले, नजरेला जेमतेम जाणवणारे हे धागे. अमेरिकेत हॉवर्ड डिटमर यांनी राय या धान्याच्या चार महिन्यांच्या एकाच रोपाची मुळं धुऊन मोजमाप केलं आणि १९३७ साली ते प्रसिद्ध केलं. मूलरोमांचा अंदाज निघाला सुमारे १,४०० कोटी, आणि त्यांची एकूण लांबी दहा हजार किलोमीटरहून जास्त! हे वाचल्यापासून कुंडी आडवी करून झाड सोडवताना माझा हात आपोआप हलका पडतो. तरी कितीही जपलं तरी मूलरोम तुटतातच. वर पानं मात्र सगळी शाबूत, आणि त्यांच्या रंध्रांतून पाण्याची वाफ पूर्वीसारखीच उडत राहते.

घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळला की शहाणं घर आधी खर्च आवरतं. झाडालाही तेच हवं असतं. पाण्याचा खर्च पानांतून होतो, म्हणून पहिले दोन आठवडे ऊन नको. उजेड भरपूर, पण थेट ऊन नाही. पंख्याखाली किंवा एसीच्या झोतात कुंडी मुळीच ठेवू नये, कारण वाऱ्याने वाफ झपाट्याने उडते. आपल्याकडे कुंड्या बदलायला पावसाळा चांगला, तो याचसाठी. हवाच दमट असते, पानांना फार गमवावं लागत नाही. एप्रिल-मेमध्ये नाइलाज असेल तरच झाड हलवावं.

आणि पाणी? कुंडी बदलल्या दिवशी भोकातून वाहेपर्यंत एकदा द्यावं. नंतर वरची माती दोन पेरं खोल कोरडी लागेपर्यंत थांबावं. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते आणि मुळांना तीही लागते. रोज पाणी ओतलं की त्या पोकळ्या भरतात, जखमी मुळं कुजू लागतात, आणि पानं आणखी लोंबतात. ते पाहून माणूस आणखी पाणी घालतो. माझ्या मते घरातली बहुतेक झाडं अशी प्रेमानेच जातात. फार मोठी कुंडीही याच कारणाने नको. मुळं पोचलेली नाहीत ती माती उगाच ओली राहते. जुन्या कुंडीपेक्षा दोन इंच रुंद पुरे.

पाणी दिल्यावर उरतो तो धीर, आणि धीराच्या बाबतीत मला रबराच्या झाडाबद्दल विशेष आदर आहे. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात आपण ठेवतो तेच हे झाड. मेघालयात खासी आणि जैंतिया लोक त्याची हवेतली मुळं ओढ्यापलीकडे वळवून जिवंत पूल घडवतात. असा पूल माणसाचं वजन पेलायला पंधरा-वीस वर्षं सहज लागतात, आणि तिथली माणसं तेवढं थांबतात. आपल्याला थांबायचं असतं महिनाभर. तेवढ्यात खालची एक-दोन पानं पिवळी पडून गळली तर घाबरू नये. झाड आपणच खर्च कमी करत असतं. रोज उपटून मुळं धरली का ते पाहू नये, कुंडीची जागा सारखी बदलू नये.

शेंड्याशी (रबराच्या झाडाला लालसर वेष्टनातून) नवं पान उलगडू लागलं, की खाली मुळं कामाला लागली असं समजावं. खत त्यानंतरच द्या, तेही नेहमीच्या निम्मं. त्याआधी दिलेल्या खतातले क्षार कोवळ्या मुळांची टोकं जाळतात.