लोलकाची साक्ष

डोळे तपासायचे म्हटले की भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता आठवतो. शेवटची ओळ वाचता आली की दृष्टी निर्दोष, असा आपला सर्वसाधारण समज. परंतु तक्त्यावरील अक्षरे जागची हलत नाहीत. आपले जगणे मात्र हलत्या वस्तूंच्या सोबतीने चालते. रस्त्यावरील मोटार किती अंतरावर आहे, फेकलेला चेंडू कुठवर येईल, हे जोखणे ही दृष्टीची निराळी शक्ती आहे. ती क्षीण झाली तरी तक्ता त्याची वार्ता देत नाही.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात मलकापूर, नांदुरा आणि खामगाव यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग आहे. रविवारच्या मिस्सेला येणाऱ्या एका वृद्ध माउलीला तो ओलांडावा लागे. पुढे त्या येईनाशा झाल्या. घरी जाऊन विचारले तेव्हा म्हणाल्या, "फादर, इकडून जाणारी गाडी दूर वाटते, अन् तिकडून येणारी अंगावरच येते." घरच्यांनी हा वयोमानाचा भित्रेपणा ठरवला होता. चष्म्याच्या तपासणीत त्यांनी दोन्ही डोळे उघडे ठेवून तक्ता बऱ्यापैकी वाचला होता. त्यामुळे तर त्यांच्या शब्दांवरचा विश्वास अधिकच उडाला.

माझ्या परिचयाच्या एका नेत्रतज्ज्ञांनी मात्र त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. दोऱ्याला छोटेसे वजन बांधून त्यांनी तो लोलक कोऱ्या भिंतीपुढे डावीकडून उजवीकडे सरळ झुलवला आणि काय दिसते ते विचारले. "गोल फिरतो ना," आजी उत्तरल्या. एक डोळा झाकताच तो सरळ झुलू लागला. एका डोळ्यात मोतीबिंदू दाटला होता. शस्त्रक्रियेनंतर आजी मुलाच्या सोबतीने पुन्हा मिस्सेला येऊ लागल्या.

या दृष्टिभ्रमाला कार्ल पुलफ्रिक यांचे नाव आहे. जर्मनीतील येना येथील झाइस कंपनीत काम करणाऱ्या या शास्त्रज्ञाने १९२२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. एका डोळ्यात प्रकाश कमी पोहोचला की त्याचा संदेश मेंदूकडे किंचित उशिराने जातो. हा विलंब क्षणाच्याही अंशाचा. स्थिर वस्तू पाहताना त्याने काही बिघडत नाही. वस्तू हलती असेल, तर एक डोळा तिला आत्ताच्या जागी पाहतो आणि दुसरा क्षणापूर्वीच्या जागी. दोहोंचा मेळ घालताना मेंदू तिला भलत्याच अंतरावर नेऊन ठेवतो. एका डोळ्याच्या दृष्टिमज्जेला सूज आल्यानेही असे घडते. काही रुग्णांना चांगल्या डोळ्यापुढे योग्य तेवढी गडद काच बसवून दिलासा देता येतो. निरोगी माणसानेही एका डोळ्यावर काळी काच धरून झुलता लोलक पाहिला, तर त्याला तो वर्तुळाकार फिरताना दिसेल. अर्थात दोरा हे निदान नव्हे. तो केवळ इशारा आहे. निदान नेत्रतज्ज्ञांनीच करावयाचे.

या कथेतील एक गोष्ट मला विशेष भावते. पुलफ्रिक यांच्या एका डोळ्याची दृष्टी त्यापूर्वीच गेली होती. हा भ्रम दोन डोळ्यांनीच अनुभवता येतो. म्हणून ज्याला त्यांचे नाव लाभले ते दृश्य त्यांनी स्वतः कधीच पाहिले नाही. सहकाऱ्यांना जे दिसले त्यावर त्यांनी विश्वास ठेवला. त्याचे स्पष्टीकरण फर्टश या सहकाऱ्याने सुचवले, आणि पुलफ्रिक यांनी त्याचे श्रेय त्यालाच दिले.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात बेथसैदा येथील आंधळ्याला प्रभू येशू पहिल्या स्पर्शानंतर विचारतो, तुला काही दिसते का? तो माणूस प्रांजळपणे सांगतो की माणसे दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. प्रभू त्याला अविश्वासू म्हणत नाही. त्याच्या डोळ्यांवर पुन्हा हात ठेवतो.

आपल्या घरातील वडीलधारी माणसे जिना उतरताना चाचरू लागली, पेल्यात पाणी ओतताना चुकू लागली किंवा रस्त्याच्या कडेला थबकू लागली, तर "घाबरता कशाला?" असे म्हणण्याआधी आपण त्यांना विचारावे, "तुम्हाला काय दिसते?" आणि त्या उत्तरावर विश्वास ठेवून त्यांना डॉक्टरांकडे न्यावे.