खाडा कोणाचा?

मैत्रिणींनो, महिन्याची पहिली तारीख म्हणजे आपल्या घरातली हिशेबाची तारीख. दूधवाला, वाणी, वीजबिल आणि शेवटी कामवाल्या बाईंचा पगार. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे. दुधाचा खाडा निळ्या पेनाने आणि मावशींचा खाडा लाल पेनाने, अशी माझी वर्षानुवर्षांची पद्धत. त्या लाल फुल्यांबद्दलच आज तुमच्याशी बोलायचे आहे.

गेल्या श्रावणातली गोष्ट. इकडे शहापूरला पावसाने नुसता उच्छाद मांडला होता. मावशी चार दिवस आल्या नाहीत. पहिल्या दिवशी मोरीत भांड्यांचा ढीग आणि माझ्या कपाळाला आठ्या. दुसऱ्या दिवशी त्यांची भाची दारात उभी. म्हणाली, "मावशीला ताप आलाय, तिनं मला पाठवलं." पोरगी कामाला चांगली होती, पण आमच्या घरात काय कुठे असते ते तिला कसे ठाऊक असणार? तिने देवाची भांडी काथ्याने खसाखसा घासली. मी तिला चांगलेच बोलले. तिसऱ्या दिवसापासून ती फिरकलीच नाही. मी कॅलेंडरवर चार फुल्या मारल्या आणि एक तारखेला चार दिवसांचे पैसे कापून मावशींच्या हातावर पगार ठेवला.

मावशींनी नोटा मोजल्या. मग हळूच म्हणाल्या, "बाई, एक दिवस माझी भाची येऊन गेली होती ना?"

खरे सांगते, मला उत्तर सुचले नाही. "बघते हं," म्हणून मी वेळ मारून नेली.

त्याच आठवड्यात माझेही मानधन हातात आले. मी एका शाळेत तासावर मराठी आणि इतिहास शिकवते. त्या महिन्यात अतिवृष्टीमुळे शाळा तीन दिवस बंद होती. शाळा बंद म्हणजे तास नाहीत आणि तास नाहीत म्हणजे पैसे नाहीत. पाकीट उघडले आणि माझा पारा चढला. घरी येऊन ह्यांच्यापुढे तणतणले, "पाऊस काय मी पाडला होता?" हे सरकारी कचेरीत आहेत. त्याच पावसात त्यांनाही ताप आला होता. तीन दिवस ते घरी झोपून होते. एक अर्ज लिहिला, साहेबांची सही झाली, पगार पुरा. त्यांना वर्षाला आठ किरकोळ रजा, शिवाय तीस दिवस अर्जित रजा. त्यांची रजा नियमाच्या पुस्तकात, माझी तासांच्या वहीत आणि मावशींची माझ्या लाल पेनात! पाऊस एकच, ताप एकच, पण रजा तीन तऱ्हेच्या. त्या रात्री मला ते पहिल्यांदा दिसले.

एकदा दिसले की मग सगळीकडे दिसू लागते. माझे माहेर मुरबाड तालुक्यात आहे. गणपती झाल्यावर बाबांच्या घराचा नमुना ८ चा उतारा काढायला मी गेले. किन्हवली, सरळगाव करीत पोहोचेपर्यंत अर्धा दिवस गेला, तर ग्रामपंचायतीतला संगणक बंद. संगणकावर बसणारी मुलगी आली नव्हती. ग्रामसेवक भाऊंकडे शेजारच्या गावाचाही कारभार, ते तिकडे गेलेले. शिपाई म्हणाला, "ताई, तिचं पोर आजारी आहे. आणि तिची बदली कोणी नाही." आठ दिवसांनी पुन्हा गेले, तेव्हा ती होती. मांडीवर सर्दीने बेजार झालेले पोर आणि एका हाताने टंकलेखन चालू. मी म्हटले, "अगं, आज तरी घरी राहायचंस." ती हसून म्हणाली, "ताई, घरी राहिलं की तेवढे पैसे जातात."

ही मुलगी ग्रामपंचायतीत बसते, ग्रामपंचायतीचेच दाखले देते. पण ती ग्रामपंचायतीची नोकर नव्हे. २०११ मध्ये संग्राम योजनेतून गावोगावी संगणक परिचालक आले. पुढे 'आपले सरकार सेवा केंद्र' असे नाव झाले. कामाचे ठिकाण सरकारी, नेमणूक मात्र कंपनीमार्फत. अंगणवाडी सेविकांचेही पाहा. त्यांना मिळते ते मानधन. सेविकांनी ४ डिसेंबर २०२३ पासून संप केला, तो पुढच्या वर्षाच्या जानेवारीपर्यंत चालला. तेव्हा कुठे आपल्यापैकी अनेकींना कळले, की लहान मुलांचा खाऊ आणि गरोदर बायांची नोंद कोणाच्या जिवावर चालते. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने मनुष्यबळ पुरवणाऱ्या नऊ कंपन्या नेमण्याचा निर्णय काढला होता. तरुण मुलांनी एवढा विरोध केला, की ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. कंपनीमार्फत माणसे घेण्याची पद्धत मात्र त्याने संपली नाही.

माझे म्हणणे असे नाही, की बदली किंवा ठेक्याची माणसे घेऊच नयेत. माणूस आजारी पडणार, बाळंतीण होणार, घरात मर्तिक होणार. कोणीतरी जागेवर लागतेच. आमच्याकडच्या वाड्यापाड्यांवरच्या दोनशिक्षकी शाळा पाहा. साठपर्यंत मुले असली की कायद्याने दोन शिक्षक. त्यातली एक बाई बाळंतपणाला गेली आणि दुसऱ्या गुरुजींना निवडणुकीचे काम लागले, की शाळेचे काय होणार? खाडा एकाचा, पण भरपाई साठ मुलांनी करायची!

म्हणून मला वाटते, प्रश्न तीनच विचारावेत. माणूस रजेवर गेला तर त्याच्या जागी कोण, हे आधी ठरले आहे का? बदली येणाऱ्याला काम कोणी समजावून सांगितले का? आणि ठेक्यावरच्या माणसाचा पगार थकला, तर जबाबदार कोण? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात लिहिले होते, की ठेकेदाराने मजुरी दिली नाही, तर ज्याच्याकडे काम चालते त्या मूळ मालकाने ती द्यायची. आताच्या कामगार संहितेतही तेच तत्त्व कायम आहे. तेव्हा "ठेकेदाराला विचारा" हे उत्तर पुरे नाही. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांनी कचरा वाहतूक श्रमिक संघामार्फत दाद मागितली. त्यांना कायम करण्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये उचलून धरला.

तुम्ही म्हणाल, आपण बायका हे कुठे विचारणार? अहो, २०११ पासून आपल्या राज्यात गावापासून शहरापर्यंत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. शाळा व्यवस्थापन समितीतही निम्म्या बायकाच हव्यात. शहापूर आणि मुरबाड दोन्हीकडे आता नगरपंचायत आहे. तिथली सदस्या आपलीच कोणाची तरी जाऊ नाहीतर मैत्रीण असते. हळदीकुंकवाला भेटली की विचारा, "सफाईच्या ठेक्यात रजेच्या दिवसाची सोय लिहिली आहे का गं?" एवढे विचारले तरी पुष्कळ झाले.

आणि त्याआधी आपले घर. मी काय केले ते सांगते. भाचीच्या त्या दिवसाचे पैसे दिले, तेही तिच्याच हातात. बाकीच्या तीन दिवसांचे मावशींना परत केले. आजारपण हा काही त्यांचा गुन्हा नव्हता. आता दर महिन्याला त्यांना दोन दिवस भरपगारी सुटी आहे. कोणते दिवस, ते त्यांनीच ठरवायचे. भाचीला घरी बोलावून एकदा सगळे दाखवून ठेवले: डबे कुठे, फडकी कुठे, देवाची भांडी चिंचेने कशी घासायची. बदलीच्या दिवसाचे पैसे वेगळे. ऐपतीच्या बाहेर काही नाही हो. हिशेब केला, तर महिन्याकाठी एका साध्या हॉटेलच्या जेवणाएवढा फरक पडतो.

माझ्या तीन दिवसांचे पैसे मात्र मला मिळाले नाहीत. त्यासाठी आम्ही तासावरच्या चौघी मिळून अर्ज लिहितो आहोत. पाहू या.

पहिल्या महिन्यात मावशींनी एकही सुटी घेतली नाही. एक तारखेला पुरा पगार हातात घेत म्हणाल्या, "बाई, माझे ते दोन दिवस पुढच्या महिन्यात धराल ना? लेकीचं बाळंतपण आहे."

मी निळे पेन घेतले आणि कॅलेंडरचे पान उलटून तसे लिहून ठेवले.