न ऐकताच दिलेला नारळ

न ऐकताच मी एका अल्बमला नारळ दिला होता, हे आधी कबूल करतो.

ब्राझीलचे गायक काएतानो वेलोसो माझे जुने आवडते. पण कोरोनाच्या टाळेबंदीत रिओतल्या घरच्या स्टुडिओत त्यांनी गाणी ध्वनिमुद्रित केली असं कळलं, तेव्हा मी नाक मुरडलं. ऐंशीच्या उंबरठ्यावरचा माणूस घरात बसून काय करणार? गिटार, आवाज आणि जुन्या आठवणींचा उमाळा! मोबाइलसमोर गाणारे कलावंत पाहून तेव्हा कान किटले होते, तो रागही यात होताच.

ऑक्टोबर २०२१ मध्ये अल्बम आला. नाव ‘मेउ कोको’, म्हणजे ‘माझा नारळ’. तिथल्या बोलीत कोको म्हणजे डोकंही. २०१२ नंतर त्यांनी केलेला नव्या गाण्यांचा हा पहिलाच अल्बम. मी तो पुष्कळ उशिरा ऐकला आणि चपापलो. या घरात तर माणसांची वर्दळ होती! सोबतीला लुकास नुनेस हा मुलाच्या पिढीचा निर्माता. एका गाण्यात लेतिएरेस लेइते यांची पितळी वाद्यं, दुसऱ्यात पोर्तुगालची फादो गायिका कार्मिन्यो. इंटरनेटच्या सत्ताधीशांवर एक गाणं, तर स्वतःच गुणगुणत झोपी जाणाऱ्या नातवावर एक अंगाई. उमाळा शोधायला गेलो, तर म्हातारा आजच्या जगाशी वाद घालत होता.

तेव्हा मला १९६९ आठवलं. ब्राझीलच्या लष्करी राजवटीने वेलोसोंना तुरुंगातून सोडलं, पण साल्वादोर शहराबाहेर जायला बंदी केली. एका अल्बमसाठी त्यांचा आवाज आणि सोबतची गिटार तिथेच मुद्रित झाली; वाद्यमेळ रोजेरिओ दुप्राट यांनी नंतर दुसरीकडे चढवला. पुढे लंडनचा विजनवास आला. कोंडलेल्या अवस्थेत काम करणं त्यांना नवं नव्हतं. हे मला ठाऊक होतं, तरी मी वय मोजत बसलो.

सगळंच मला भावलं असं नाही. शीर्षकगीतातली नावांची रांग अजूनही दमवते. पण घरी केलेलं म्हणजे एकट्याने केलेलं आणि एकट्याने केलेलं म्हणजे अपुरं, हे माझं गणित चुकलं.

तुम्ही ऐकणार असाल तर त्या अंगाईपासून सुरुवात करा. मी ती सर्वांत शेवटी ऐकली, ही माझी दुसरी चूक.