परक्या उदासीची सोबत

दुःखाने भरलेले काव्य किंवा संगीत मनुष्य आपण होऊन का ऐकतो, हा प्रश्न फार जुना आहे. भवभूतीने करुण हाच एक रस मानला. पुढे न. चिं. केळकर यांनी 1921 साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी'ची उपपत्ती मांडली. रसिक दुसऱ्याच्या भूमिकेशी एकरूप होतो, पण स्वतःस विसरत नाही, हे तिचे सार होय. एवढ्या थोरांनी हाताळलेल्या विषयात स्वीडन देशातील रॉक संगीताचा एक अल्बम पुढे करावा, हे कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु प्रश्न जुना असला म्हणजे उदाहरणही जुनेच हवे, असा काही नियम नाही.

स्टॉकहोम येथे 1990 साली निघालेल्या ओपेथ या वाद्यवृंदाने 2003 साली 'डॅम्नेशन' हा अल्बम प्रसिद्ध केला. तोपर्यंत या मंडळींची ख्याती मुख्यतः कर्कश गिटारींबद्दल आणि घशातून काढलेल्या गर्जनांबद्दल होती. 2002 साली त्यांनी दोन अल्बम एकाच सुमारास ध्वनिमुद्रित केले. पैकी 'डेलिव्हरन्स' नेहमीप्रमाणे गडगडाटी निघाला. 'डॅम्नेशन'मध्ये मात्र एकही गर्जना नाही. पहिल्या नावाचा अर्थ सुटका आणि दुसऱ्याचा अधोगती. असे असता सौम्यता आली ती अधोगतीच्या वाट्यास! याच कामाच्या दिवसांत प्रमुख गायक मिकाएल ओकरफेल्ट याची आजी मोटार-अपघातात वारली, आणि दोन्ही अल्बम तिच्या स्मृतीस अर्पण झाले.

अल्बममध्ये आठ रचना असून त्यांचा एकूण काळ सुमारे 43 मिनिटांचा आहे. गिटारीचे स्वच्छ सूर, दबका गळा आणि त्यांच्या पाठीमागे मेलोट्रॉन नामक वाद्याचा धुकट नाद, एवढीच सामग्री. मेलोट्रॉनची थोडी माहिती दिली पाहिजे. हे वाद्य 1963 पासून इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे होऊ लागले. दिसण्यात ते पेटीच्या घराण्यातील. पण त्याच्या प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असून तीवर व्हायोलिन, बासरी इत्यादिकांचा एकेक स्वर पूर्वीच मुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की फीत सरकते. सुमारे आठ सेकंदांत संपते. मग स्वर थांबतो. वादकाने कितीही जोराने बोट दाबून धरले तरी तो लांबत नाही. कोणे एके काळी कोणी वाजविलेला सूर आठ सेकंद आपल्या हाती येतो आणि जातो. स्मरणाचे यंत्र करावयाचे झाले, तर ते याहून निराळे काय होणार?

आम्हांस हा अल्बम भेटला तो आमच्या पुतण्याकडून, आणि तोही आमच्या मातोश्री निवर्तल्यानंतर थोड्याच दिवसांनी. डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात बारशास जागा असते, लग्नघाईस असते, मृत्यूसही तेरा दिवस असते. चौदाव्या दिवसापासून शोकास मात्र कोपरा उरत नाही. एका खोलीत मुलांचा अभ्यास, दुसरीत स्वयंपाक, आणि वडील मनुष्याचा चेहरा पाहून आपला चेहरा ठरविणारी धाकटी माणसे दोन्हीकडे. अशा वेळी एकान्त मिळण्याचे ठिकाण म्हणजे सकाळची जलद लोकल. हे आम्ही उपरोधाने म्हणत नाही. जेथे हात हलविण्यास जागा नाही, तेथे कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नाही. आणि डोळे मिटून उभा असलेला गृहस्थ झोपला आहे की रडतो आहे, याची चौकशीही कोणी करीत नाही. गाडी सुटताच आम्ही अल्बम लावीत असू. मुंब्र्याचा डोंगर मागे पडे तो पहिली दोन गाणी होत. दादर जवळ येई तेव्हा शेवटचे चालू असे.

चौथ्या गाण्याचे नाव 'क्लोझर', म्हणजे समाप्ती किंवा निरवानिरव. त्याच्या उत्तरार्धात सूर पूर्वेकडील वळण घेतात, आवर्तनामागून आवर्तन चढत जाते, आणि वाक्य अर्ध्यावर तोडावे तसे सर्व एकाएकी थांबते. कल्याण गायन समाजाच्या, किंवा ठाण्यास पं. राम मराठे यांच्या नावे होणाऱ्या महोत्सवाच्या बैठकींत ज्यांचे कान तयार झाले, त्यांस सम न येणे म्हणजे अंधारात पायरी नसलेल्या जागी पाय टाकणे होय. आमच्यापुरते सांगावयाचे तर, शेवटच्या सकाळी मातोश्री म्हणाल्या होत्या, "संध्याकाळी येताना..." इतक्यात दारावरची घंटा वाजली, कोणी आले, आणि वाक्य तेथेच राहिले. येताना काय आणावयाचे होते, ते आता कळण्याचा संभव नाही. समाप्ती असे नाव असून जे समाप्त होत नाही, ते गाणे आम्हांस खोटे सांत्वन देत नव्हते. म्हणूनच त्याचा आधार वाटला.

येथे आमचे काही स्नेही विचारतात, की उदासीच हवी होती, तर घरी मारवा नव्हता काय? होता, आणि अडचण तीच होती. मारव्यात पंचम वर्ज्य, षड्जही पुष्कळ वेळ टाळलेला. घर दिसत राहते आणि पाऊल उंबऱ्याशी अडते. पण हा राग मातोश्री दिवेलागणीस रेडिओवर ऐकत. त्याच्या प्रत्येक स्वरास त्यांच्या तांदूळ निवडण्याची, मध्येच मान हलविण्याची आठवण चिकटलेली होती. नव्या दुःखास इतकी जवळीक सोसत नाही. स्टॉकहोमच्या डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. तेथील मनुष्याच्या उदासीस आमच्या घरातील काहीच ठाऊक नव्हते. आजी गमावलेला तो परका गायक आपले दुःख आपल्यापाशी ठेवून आमच्या शेजारी उभा राहिला, इतकेच.

केळकरांच्या उपपत्तीत एकरूपतेइतकेच महत्त्व त्या न सुटणाऱ्या अंतरास आहे, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे. अंतर नसेल, तर तो रस नव्हे, नुसता शोक होय. आपल्या परंपरेत हे अंतर अभ्यासाने व काळाने पडते. परक्या संगीतात ते आयतेच मिळते. काही महिन्यांनी आम्ही मारवा पुन्हा लावला. गायक षड्ज टाळीत होता, पण मागे तानपुऱ्यावर तो अखंड चालू होता. आठ सेकंदांनी संपणारा नव्हता. तेव्हा आम्ही रेडिओचा आवाज थोडा वाढविला, आणि स्वयंपाकघरातून कोणी तो कमी करण्यास सांगितले नाही.