रबरी अळी आणि तापीची मरळ

मला मालवणहून भुसावळला दिलं तेव्हा आईला एकच काळजी होती, ‘तिकडे पोरीला मासळी कसली मिळायची?’ मिळाली, मैत्रिणींनो! समुद्राची नव्हे, तापीची. रेल्वेतली ड्यूटी आटोपली की आमचे हे बांबूची काठी, गळ आणि डबीत ओल्या मातीत ठेवलेली गांडुळं घेऊन नदीवर जायचे. रोहू, शिंगाडा, कधी मरळ माझ्या ओट्यावर यायची.

गेल्या आषाढात धाकटा मुलगा चार वर्षांनी मिशिगनहून आला. तो तिकडेच घर घेतोय, हे ह्यांना फोनवर कळलं होतं. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं ‘जेवलास का?’ आणि ‘हो बाबा’ एवढ्यावर आलेलं.

त्याची बॅग आवरताना एक पिशवी निघाली. आत लिबलिबीत, तपकिरी अळ्या! मी किंचाळलेच. ‘अगं आई, खोट्या आहेत,’ तो हसत सुटला. तिकडच्या नद्यांत स्मॉलमाउथ बास नावाचा मासा खडकांच्या आडोशाला राहतो. त्याला भुलवायला या मऊ प्लॅस्टिकच्या अळ्या. ह्यांनी एक अळी ताणून पाहिली, तिचा वास घेतला. म्हणाले, ‘आमच्या तापीचा मासा असल्याला भुलायचा नाही.’ झालं, पैज लागली!

रविवारी निघालो. दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी असा डबा बरोबर. वरणगाव मागे टाकलं की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. मुलताईहून आलेली तापी आणि पूर्वेकडून आलेली पूर्णा चांगदेवला भेटतात. काठावर चांगदेव महाराजांचं काळ्या दगडाचं जुनं देऊळ. वाघावर बसून आलेल्या त्या योग्याने लहानग्या मुक्ताईला गुरू मानलं, ही कथा इथे ऐकताना वेगळीच वाटते. खाली हतनूर धरणाचा फुगवटा. धरणाला एकेचाळीस दरवाजे आहेत. हिवाळ्यात इथे परदेशी पक्ष्यांची गर्दी असते. आषाढात मात्र गढूळ पाणी आणि काठाचं गवत.

तिथल्या माणसांना विचारूनच दोघे बसले. धरणाच्या पाण्यात मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार संस्थांकडे असतो, तेव्हा आधी विचारलेलं बरं. ह्यांनी गांडूळ लावलं. मुलाने गळाचं टोक अळीच्याच अंगात लपवलं; म्हणजे ते गवतात अडकत नाही. मग काठीचं टोक हलकेच उडवत तो अळीला पाण्यात नाचवू लागला.

गवताशी पाण्यावर तांबूस काहीतरी हललं. मसुरीची मूठ सांडावी तसा बारीक पिल्लांचा थवा! मुलाची अळी नेमकी तिथेच पडली. खालून काळी पाठ उसळली आणि दोरी ताणली गेली. चांगली हातभर मरळ होती.

‘पिल्लं हायेत तिचे, माय!’ कपडे धुणारी एक म्हातारी ओरडली.

मरळ भुकेने अळीवर धावली नव्हती. पावसाळ्यात मरळीची जोडी पिल्लांची राखण करते आणि जवळ येईल त्यावर तुटून पडते. तिला नेलं की पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात. मालवणला पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर का ओढतात, ते मला बापाने असंच समजावलं होतं.

मुलाने ह्यांच्याकडे पाहिलं. हे उठले, ओल्या हाताने मरळ धरली, मुलाने अलगद गळ सोडवला. पाण्यात जाताच ती थेट त्या तांबूस थव्याखाली शिरली.

‘बाबा, बासचा नरही असाच घरट्यावर पहारा करतो,’ मुलगा म्हणाला. ‘काही राज्यांत त्या दिवसांत मासा घरी न्यायला बंदी असते.’

फाटक्या अळ्या आणि तुटकी दोरी त्याने पिशवीत भरली. ते प्लॅस्टिक पाण्यात विरघळत नाही आणि दोरी पक्ष्यांच्या पायांत अडकते. तुमच्या घरी कुणी गळ टाकणारं असेल तर एवढं जरूर सांगा.

पैज कोण जिंकलं, ते कुणी काढलंच नाही. परतताना केळीच्या बागा सुरू झाल्या, तेव्हा हे एकदम म्हणाले, ‘तुझ्या त्या नव्या घरापासून नदी किती लांब आहे रे?’

भुसावळ येईपर्यंत मुलगा सांगत होता. रात्री मी पिठलं केलं. दोघांनी मागून मागून खाल्लं.