सुई हाताप्रमाणे
सुईचा नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक! नव्या मुलींना हे उलटेच वाटते. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाड, १० ची सव्वातीन. चार पदरी लोकरीला मी १० ची घेते, जाड लोकरीला ८ ची. पण सासूबाईंचा हात घट्ट. १० वर त्यांचे विणकाम आखडते, म्हणून त्यांना ९ ची. विड्या वळून त्यांची बोटे धरली आहेत. ॲल्युमिनियमवरून टाके निसटले की चिडतात. बांबूची सुई टाका धरून ठेवते. भगिनींनो, लोकर आपण पैसा पैसा साठवून आणतो. आधी २० टाके घालून चार बोटे विणून पाहा, हवे तर उसवा. खालच्या पट्टीला मात्र दोन नंबर बारीक सुई घ्या, नाहीतर स्वेटर कमरेशी लोंबतो.