ठरावाचा आडोसा

काका गेले ते २०२३ सालच्या उन्हाळ्यात. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता. नवरा वारला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र नि जोडवी काढायची नाहीत. राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. पुढे आमच्याही गावाने ठराव केला. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले.

प्रेत उचलायच्या आधी थोरली आज्जी काकींचं कुंकू पुसायला निघाली. ती स्वतः विशीत विधवा झालेली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी सांगावं लागतच नाही. पुरुष बाहेर तिरडी बांधत होते. कुंकू पुसायच्या कामात त्यांचा हात कधीच दिसत नाही. बाईचं बाईनेच उरकायचं, म्हणजे दोष द्यायलाही बाईच सापडते.

काकींची सून मध्ये उभी राहिली. ‘‘आज्जी, ठराव झालाय. दंड बसंल.’’

ठरावात दंडाचा शब्दही नव्हता. पण आज्जी थांबली. ‘‘सरकारचंच तसं असंल तर म्या काय करणार?’’ म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. मला वाटतं, तिला सुटल्यासारखं झालं. ‘मला हे पटत नाही’ असं म्हणायची सोय तिला आयुष्यात कधी नव्हती. ‘सरकार ऐकत नाही’ असं म्हणायची आता झाली. कागदी ठरावांना मी एरवी हसते. त्या दिवशी हसू आलं नाही.

पण काकींचं काय? घरात त्या टिकली लावायच्या, डेअरीला दूध घालायला निघताना काढून ठेवायच्या. पुतण्याच्या हळदीला आपणहून मागे जाऊन उभ्या राहिल्या. ‘‘माझ्यामुळं कशाला कुणाच्या मनात किंतु?’’ यावर कुठली ग्रामसभा काय करणार? शेजारच्या भाऊंची बायको गेली तेव्हा त्यांच्या अंगावरची एक वस्तू बदलली नाही, हे मी काकींना सांगितलं. ‘‘पुरुषांचं येगळं,’’ म्हणाल्या.

संक्रांतीला सुनेने पहिलं हळदी-कुंकू सासूलाच लावलं. पुढच्या वर्षी भावकीतल्या दोघी-तिघी आल्याच नाहीत. काकी तिच्यावर चिडल्या, ‘‘तुझ्यामुळं घरात माणसं येईनात.’’ तिने उरलेलं वाण अंगणवाडीत वाटलं आणि त्या दोघी-तिघींच्या घरी तिळगूळ घेऊन काकींनाच पाठवलं. त्या गेल्या, टिकली लावून.